कोमट मडके

माझ्या लेकीच्या गळ्यातले काळे मणी लग्नानंतर पाचव्या दिवशी आपोआप फुटले. कोणी हात लावला नव्हता, ओढाताण झाली नव्हती. मांडवपरतणीसाठी तिला माहेरी न्यायला मी वलगावला गेलो होतो आणि तिच्या सासरच्या ओसरीवर बसलो होतो. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्यासमोर वाकली, आणि मला आवाज ऐकू आला. टिक्. वाळलेली तुरीची शेंग उन्हात उकलते, तेवढाच. मग पुन्हा एकदा. मग लागोपाठ दोनदा. तिने तांब्या खाली ठेवून गळ्याकडे हात नेला. हात पुढे आला तेव्हा बोटाला रक्ताचा एक थेंब होता आणि तळव्यावर काळ्या काचेचे अर्धे अर्धे मणी.

आपल्याकडे पोत तुटली असे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण ही वाढलीही नव्हती. दोरा शाबूत होता. दोऱ्यातले सोन्याचे डोरले शाबूत होते. नुसते मणी जात होते, एकेक करून, आमच्या डोळ्यांसमोर. याला काय म्हणायचे ते मला कळेना. मी आयुष्यभर मणी विकले. गळ्यात असताना फुटलेला मणी मी कधी पाहिला नव्हता.

विहीणबाई आतून आल्या. मला वाटले, आता आकांत होणार. त्यांनी आवाजही चढवला नाही. पोरीच्या तळव्यावरचा एक अर्धा मणी उचलला, उजेडाकडे धरून त्याच्या भोकात पाहिले, आणि मग माझ्याकडे पाहिले. ती नजर मी पुढे कितीतरी दिवस मनात घोळवली. त्यांनी पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून आधी ते पोरीच्या गळ्यात घातले, मगच पोत उतरवली. गळा क्षणभरही मोकळा राहू दिला नाही. उतरलेली पोत फडक्यात गुंडाळून माझ्या हाती दिली. मग म्हणाल्या, “ईवाई, पोरीले घेऊन जा. मनी जेथून आनले तेथं जा. पोत पुरी झाली का मंग पोरगी आना.”

आमच्या वऱ्हाडात व्याह्याला ईवाई म्हणतात. मी विचारले, पोत पुरी नाही झाली तर? त्या तांब्या उचलून आत गेल्या.

बैलांच्या दमणीत पोरगी एका हाताने हळकुंड झाकून बसली होती. अमरावतीपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मी मात्र सगळी वाट बोलत होतो. कोणी केले, कोणी फसवले, कोणाला मी कसा धडा शिकवणार, हेच. पण आतून मी हबकून गेलो होतो. काळ्या जमिनीच्या घरात लेक दिली होती. पाचव्या दिवशी ती हळकुंडावर परत येत होती. ती पुन्हा त्या उंबऱ्यातून आत जाईल की नाही, एवढा एकच प्रश्न होता.

मी कोण, हे सांगायला हवे. मला बाप आठवत नाही. डोक्यावर टोपली घेऊन मी अमरावतीच्या भोवतालची गावे पायी फिरलो. मणी, सुया, फण्या, कुंकू. भाव कसा करायचा हे मला गावोगावच्या बायांनी शिकवले, आणि त्यांच्यासारखे गुरू दुसरे नाहीत. पहिल्या वर्षी एका दलालाने मला वजनावर मणी विकले. घरी येऊन पाहतो तर पिशवीत तिसरा हिस्सा राख. त्या वेळी मी आठ दिवस फुटाण्यांवर काढले. तेव्हापासून माझा नियम होता: मणी घ्यायचे ते पाखडून, तराजूत टाकून. राखेचे पैसे मी देत नसतो. हे वाक्य मी इतक्यांदा इतक्या लोकांना ऐकवले होते की बाजारात लोक मला त्यावरून ओळखत.

अकोल्यात मोर्णेच्या काठाला, जुन्या शहरात, मणी करणाऱ्यांची एक गल्ली होती. सात घरे, सात दिवे. मुसलमान माणसे, घरात हिंदुस्थानी बोलत, आमच्याशी वऱ्हाडी. गल्लीत शिरले की आधी जाणवायची ती शांतता, कारण तोंडात फुंकणी धरलेल्या माणसाला बोलता येत नाही. दाराला ओले गोणपाट, आत वारा नाही, बुटक्या पाटावर मातीचा जाड दिवा आणि त्यात अंगठ्याएवढी कापसाची वात. वाकडी पितळी फुंकणी ज्योतीला लावून हळू फुंकले की ज्योत आडवी पडे आणि तिला निळे टोक येई. त्या टोकात एका हाताने काचेची कांडी धरायची, दुसऱ्या हातात मातीचा लेप दिलेली लोखंडी सळई. काच मधासारखी ओघळून सळईवर बसली की सळई फिरवत राहायचे. हात थांबला की मणी वाकडा. त्यांची बोटे जेवतानाही फिरत. भाकरीचा तुकडा ते लोक फिरवून तोंडात घालत, आणि मी त्यावरून थट्टा करी.

मणी झाला की सळईवरून अलगद सोडवून राखेच्या मडक्यात टाकत. ते मडके आतल्या खोलीत असे. मी जायचो तेव्हा माळा ओवून तयार असत किंवा मणी परातीत काढलेले असत. मडके कशासाठी, हे मी वीस वर्षांत विचारले नाही. मणी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून राख, असा आपला माझा समज.

गल्लीत एक म्हातारी होती. तिच्या दिव्यावर सगळ्यांनी काम शिकलेले. फुंकून फुंकून तिचे गाल रिकाम्या पिशवीसारखे लोंबत. तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत, मीही म्हणे. ती मला टोपलीच्या दिवसांपासून भाऊ म्हणत आली. पुढे अमरावतीत माझे दुकान झाले, लोक शेठ म्हणू लागले, पण ही आपली भाऊच. मला ते खटकत असे.

मग कापसाचे दिवस आले. दूर कुठेतरी लढाई चालू होती, विलायतेला कापूस मिळेना, आणि आमच्या बोंडांना कोणी स्वप्नात पाहिला नसेल असा भाव आला. ज्याच्या अंगणात कधी दुसरी म्हैस नव्हती त्याच्या बैलांच्या गळ्यात पोळ्याला निळ्या मण्यांच्या चार चार माळा. मण्याला मागणी इतकी की मी महिन्यातून दोनदा अकोल्याला जाऊ लागलो. आणि त्याच दिवसांत त्या गल्लीत वातीला कापूस मिळेनासा झाला. कापसाच्या मुलखात. रस्त्याने कापसाच्या गाठींच्या बैलबंड्या जात, त्यातून जो पुंजका गळे तो वेचायला गल्लीतल्या बाया उन्हात उभ्या राहत. मी एकदा खालाला म्हटले, “कापूस इतका महाग, मंग वात बारीक करा.” ती म्हणाली, “वात बारीक केली तर मनी कच्चा. तुमी भाव बारीक करता, तेवढं पुरे हाये.” ती हसत होती. मी हसलो नाही.

लेकीचे लग्न ठरले. तिची आई ती लहान असतानाच गेली होती, त्यामुळे बायांची कामेही मलाच पाहावी लागत. पोतीचे मणी दुसऱ्या कोणाकडून आणणार? माघ महिन्यात मी अकोल्याला जाऊन सांगून आलो आणि आठ दिवसांनी न्यायला गेलो.

लग्नाच्या मण्यांची त्या गल्लीत एक रीत होती. सातही घरांनी मणी करायचे. कोणाचा दिवा वगळायचा नाही. सगळे मणी एकाच मडक्यात, एकाच राखेत. आणि ते मडके घरात असेपर्यंत फुटणे, तडकणे हे शब्द कोणी तोंडातून काढायचे नाहीत. काच ऐकते, असे ते म्हणत. रीत मला माहीत होती. तिचा उपयोग काय, ते माहीत नव्हते.

खालाने मडके आणून माझ्यासमोर ठेवले. तोंडाला फडके बांधलेले. हात लावला तर कोमट. गाडीवान गल्लीच्या तोंडाशी ओरडत होता. त्या दिवसांत सगळ्या बंड्या कापसाने अडवलेल्या. मला मोठ्या मिनतवारीने एक दमणी मिळाली होती, आणि तो थांबायला तयार नव्हता.

“मडकं असंच घेऊन जा, भाऊ,” खाला म्हणाली. “रस्त्यानं निवंन. घरी गेल्यावर उघडा.”

“राखेसकट?”

“राखेसकट.”

“अन् वजन?”

“लग्नाच्या मन्याचं वजन करत नसतेत. काय द्याचं ते द्या.”

‘काय द्यायचं ते द्या’ हा बाजारातला सगळ्यात महाग भाव आहे. ज्याने एकदा तो मानला, तो आयुष्यभर कमीच दिल्यासारखा वागतो. माझे डोके फिरले. वीस वर्षांच्या ओळखीत, माझ्याच लेकीच्या लग्नात, हे लोक मला राख विकू पाहतात, एवढेच मला दिसले. मी तिचे सूप ओढले, मडक्याचे फडके सोडले आणि मडके सुपात उपडे केले. राख उडाली. आतली ऊब तोंडावर आली. अंगणात वारा होता, मी सूप धरून पाखडू लागलो.

खालाने हात पुढे केला होता. तो तिने मागे घेतला.

तेव्हाच मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. टिक्. सुपात तीन मणी दुभंगले होते. मी ते वेचून तिच्यासमोर धरले आणि विचारले, फुटके मनी लेकीच्या लग्नाले देता? तो शब्द मी त्या अंगणात मोठ्याने बोललो. सातही दारांत माणसे येऊन उभी होती. कोणाच्या तोंडात फुंकणी नव्हती, तरी कोणी बोलले नाही. त्या तीन मण्यांपायी मी भाव पाडून घेतला. तेही कोणी नाकारले नाही. ती शांतता मला आवडली. मला वाटले, मी जिंकलो.

“थोडी राख तरी राहू द्या, भाऊ,” खाला म्हणाली.

“राख तुमच्या चुलीले ठेवा,” मी म्हणालो, आणि स्वच्छ पाखडलेले मणी रुमालात बांधून दमणीत बसलो. घरी आल्यावर लेकीला हे सगळे रंगवून सांगितले. ती मणी ओवत होती. तीही हसली.

आता वलगावाहून परतल्यावर गाडी मिळायलाच आठवडा गेला, मग मी अकोल्याची वाट धरली. दोन दिवसांच्या वाटेत माझा राग निवला नाही, उलट वाढला. मी मनाशी धरून बसलो होतो की मी भाव पाडला म्हणून त्यांनी मला खराब काच दिली. गल्लीत शिरलो तो ओरडतच. खालाच्या दिव्यासमोर फडके उलटे केले. फुटके मणी पाटावर पसरले. मी तिला काय काय बोललो ते आज लिहवत नाही. तिची उमर काढली, जात काढली, तिच्या हातांना कीड लागो म्हणालो.

तिने फुंकणी खाली ठेवली. मणी एकेक करून पाहिले. मग विचारले, “पोरगी कुठं हाये?”

मी सांगितले, माझ्या घरी, गळ्यात हळकुंड.

मग तिने फुंकणी उचलली आणि दोन मणी केले, तेही लग्नाचे नव्हेत, बैलाच्या माळेतले मोठे निळे. एक मडक्यातल्या कोमट राखेत टाकला. दुसरा तसाच दारातल्या दगडावर ठेवला. मला म्हणाली, बसा.

मी उभाच राहून शिव्या देत होतो. दगडावरचा मणी मस्त दिसत होता, राखेतल्यापेक्षा चकचकीत. त्यावरून मी तिला आणखी दोन शब्द सुनावले. आणि बोलता बोलता दगडावरून आवाज आला. टिक्.

वलगावच्या ओसरीवरचा आवाज होता तो. आणि त्याआधी याच अंगणात, माझ्या हातातल्या सुपात ऐकलेला.

“काच वरून निवते, आतून नाई,” खाला म्हणाली. “वरचं थंड कातडं आतल्या आगीले आवळून धरते. राखेत दोन्ही संगं निवतात. उघड्यावर काढला तर तो मनी आतल्या आत ओढत राह्यते. कोनता घडीभर, कोनता महिनाभर. चुलीजवळ गेला, अंगाच्या घामानं तापला, का जाते.”

अजूनही ती फुटते म्हणत नव्हती.

मी खाली बसलो. राग गेला नव्हता, पण त्याला धरायला जागा उरली नव्हती, आणि माझ्यासारख्या माणसाला त्याहून भीतिदायक काही नसते. मी विचारले, त्या दिवशी हे सांगितले का नाही? लग्नाच्या मडक्याजवळ तो शब्द बोलत नाही, ती म्हणाली. मी म्हणालो, मग माझा हात धरायचा होता.

“वीस सालात तुमचा हात कोनी धरला, भाऊ? एका दलालानं राख विकली, तवापासून तुमी सगळ्याइची राख पाखडून राहिले.”

मला ते अजून लागते. खोटे असते तर लागले नसते.

मी नवे मणी करून मागितले. भाव विचारला नाही. विचारायची हिंमत झाली नाही. ती म्हणाली, सात दिव्यांना पुरेल एवढा वातीला कापूस नाही. मी बाजारात गेलो. गाठी घेणारे होते, मापाडी होते, पण मूठभर कापूस द्यायला कोणाला वेळ नव्हता. एकाने मला भिकारी समजून हाकलले. परत आलो तेव्हा खालाने आपली गोधडी उसवली होती. आतला पिवळट जुना कापूस काढून ती वाती वळत होती आणि सात घरांना वाटत होती. ज्यांच्यासमोर मी सूप पाखडले होते, तीच माणसे येऊन वात घेऊन गेली. माझ्याकडे कोणी पाहिले नाही, टोमणाही मारला नाही. टोमणा मारला असता तर मला उत्तर देता आले असते.

दोन दिवस सात दिवे जळत होते. पाहुणा म्हणून मला दारात बसू दिले, पण हात लावायचा नाही असे बजावले. कोणीतरी भाकरी आणून देई. मी पहिल्यांदा पाहिले की एका पोतीला किती श्वास लागतात. फुंकताना त्यांच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या होत, मधेच एखादी बाई उठून बाहेर येऊन खोकून जाई आणि पुन्हा बसे. इतकी वर्षे मी फक्त परातीतला मणी पाहिला होता.

खाला म्हणाली, मडके मी घेऊन येते. मी म्हणालो, माझ्याकडे द्या, मी उघडणार नाही. ती म्हणाली, “ते मले ठाव हाये. तरी मीच आनीन.” आणि ती म्हातारी ते मडके मांडीवर घेऊन अकोल्याहून दमणीत बसली. बडनेऱ्याजवळ नव्या लोहमार्गासाठी माती टाकत होते, रस्ता सगळा उखणलेला. धक्का बसे तेव्हा ती मडके पोटाशी धरे. वाटेत ती माझ्याशी बोलली ते एवढेच, की विहीणबाई कोणत्या गावच्या, माहेर कुठले. मी सांगितले, माहेर अकोल्याकडचे. तिने मान हलवली.

अमरावतीहून लेकीला घेतले आणि वलगावला पोचलो. ईवाई ओसरीवर होते, विहीणबाई दारात. खालाने मडके खाली ठेवले. मी बोलायला तोंड उघडले, पण तीच बोलली.

“चूक आमची हाये, बाई. मडकं आमी लवकर उघडलं. पोरीच्या बापाचा काही कसूर नाई. हे नवीन हाये, तुमीच आपल्या हातानं उघडा.”

मला धक्का बसला. रस्त्यात ती याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. आणि लगेच मला सुटल्यासारखेही वाटले. हे लपवणार नाही. माझी अब्रू राहत होती, पोरगी आत जात होती, आणि मला काही बोलावे लागणार नव्हते. एवढा स्वस्त सौदा मी जन्मात केला नव्हता.

ईवाई संतापले. ते शांत माणूस, पण सूनबाईच्या गळ्यावरचे रक्त त्यांनी पाहिले होते. ते म्हणाले, “ह्याइची जातच चोट्टी. पंचक्रोशीत सांगतो, त्या गल्लीतला मनी कोनी लग्नात घ्याचा नाई.” खाला मान खाली घालून ऐकत होती. तिची बोटे मांडीवर फिरत होती, सळई असल्यासारखी.

त्या बोटांकडे पाहून माझे काय झाले ते मला नीट सांगता येत नाही. चांगुलपणाने मी बोललो असे मी म्हणणार नाही. मला राग आला. ईवायाचा राग, तिचा राग, सगळ्यांचा. न मागता कोणी मला काही द्यावे, हे मला सोसत नाही. मी ओरडलो, “चोट्टी कोनाले म्हनता? मडकं मी उघडलं. म्या राख पाखडली. ही नको म्हनत होती, मी आयकलं नाई.”

लेकीकडे पाहायची हिंमत होईना. वाटले, संपले. माझ्याच तोंडाने मी तिचा उंबरा बंद केला.

विहीणबाई खाली बसल्या. मडक्याला सगळीकडून तळहात लावून पाहिला, मग फडके सोडून राखेत हात घातला. मण्यांची मूठ वर काढली, राखेने काळवंडलेली, आणि पदरात ओतली.

“मले ठाव होतं, ईवाई,” त्या म्हणाल्या. “माह्या लग्नाचे मनी बी त्याच गल्लीतले. आठ दिवस भोकातून राख गळत होती, चोळी काळी झाली होती. पोरगी आली त्या दिवशी मी इचारलं, पोरी, मन्यात राख काहून नाई? ते म्हने, बाबानं पाखडली. मले वाटलं टिकतीन. नाई टिकले.”

विहीणबाईंनी पदरातले मणी सारखे केले.

“पोरगी खरं बोलली होती. बाप बोलते का, तेवढं पाहाचं होतं.”

“अन् मी बोललो नसतो तर?”

“पोरगी माही सून हाये. ते आत आलीच असती. तुमी मातर या ओसरीवर पानी पेले नसते.”

म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी पंधरा दिवस जळत होतो ती कधी धोक्यात नव्हतीच. धोक्यात मी होतो, आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत होते. ईवायांनाही नव्हते, एवढे मात्र खरे. ते माझ्याइतकेच तोंड उघडे टाकून उभे होते. मग त्यांनी खालासमोर हात जोडले आणि म्हणाले, बाई, माफी करा. मला ते जमले नाही.

मी लेकीकडे वळलो. पंधरा दिवसांतले जे दिवस मी घरी होतो, ते सगळे तिने मला भाकरी वाढली, माझे ओरडणे ऐकले आणि काही सांगितले नाही. मी विचारले, तू काहून नाई सांगतलं?

“सासूबाईनं नको म्हनलं होतं,” ती म्हणाली. “अन् तुमी इचारलं कुठं, बाबा? तुमी तं सगळ्याइले शिव्याच देऊन राहिले होते.”

त्यानंतर बायांनी आम्हा पुरुषांकडे लक्ष दिले नाही. ओसरीवर चटई टाकली, खाला आणि विहीणबाई समोरासमोर बसून मणी ओवू लागल्या, मधे लेक. अकोल्याच्या कोणत्या गल्लीत कोण राहते, कोण गेले, यावर त्यांचे बोलणे चालले होते. मणी राखेसकट ओवत होत्या. तिघींची बोटे काळी झाली. पोत गळ्यात पडल्यावर हळकुंड उतरवले आणि लेक आत गेली. मला जेवायला बोलावले तेव्हा मी पानावर बसलो.

निघताना मी खालाला विचारले, काय द्यायचे? या वेळी ती ‘काय द्यायचं ते द्या’ म्हणाली नाही.

“एक गोधडी.”

तिने आपली गोधडी माझ्या लेकीच्या मण्यांखाली जाळली होती. हिशेब बरोबर होता. तरी सवय जात नाही. मी विचारले, जुन्या कापसाची चालेल का? त्या दिवसांत नवा कापूस म्हणजे काय, ते वऱ्हाडात कोणाला सांगावे लागत नाही.

“नव्या,” ती म्हणाली, “अन् जाड.”

मी दिली. चार शेर कापूस घातला, दोन दिवस पिंजाऱ्याजवळ बसून तो पिंजवून घेतला, आणि स्वतः अकोल्याला नेऊन दिली. तिने ती हाताने दाबून पाहिली, उलटून पाहिली, टाके मोजल्यासारखे केले. मग म्हणाली, “ठीक हाये, भाऊ.” शेठ नाहीच म्हणाली.

पुढे आगगाडीने विलायती मणी आले, स्वस्त, एकसारखे, आणि गल्लीतले दिवे एकेक करून कमी झाले. मीही ते विलायती मणी विकले, धंदा आहे. पण लग्नाच्या पोतीला कोणी मागितले तर मी अकोल्याला पाठवीत असे, जोवर तिथे एक तरी दिवा होता तोवर.

माझी तक्रार मात्र आजही कायम आहे. खालाला माहीत होते, विहिणीला माहीत होते, माझ्या पोटच्या पोरीला माहीत होते. तिघींपैकी एकीने तरी मला धरून सांगायला हवे होते. हे मी लेकीला अजून प्रत्येक पोळ्याला ऐकवतो. ती ऐकून घेते, आणि वाढताना माझ्या ताटात भाकरी ठेवून म्हणते, “जेवा बाबा, निवून राहिली.”